एकवीस मेगाहर्ट्झवरची जागा

आमच्या मंठ्याच्या घरात वर्षातून एकदा असा शनिवार-रविवार यायचा, की आई त्या दोन दिवसांत पापड भाजत नसे. पापडच काय, चिवडा, शेव, फुटाणे, दाताखाली वाजेल असं काहीच ती माझ्या हाताशी येऊ देत नसे. मी माईकपुढं बसून खायची आणि खाता खाता बोलायची, आणि माझ्या तोंडातला चिवडा पार जपानपर्यंत ऐकू जायचा, अशी तिची पक्की खात्री होती. म्हणून त्या दोन दिवसांत धपाटे. दह्यात बुडवून गुंडाळी केलेले, डाव्या हातात धरून खाता येतील असे, कारण उजवा हात कीबोर्डवर असायचा. मधूनच वाटीभर सुशीला, त्यातही चुरमुरे चांगले भिजून मऊ झालेले. आमच्या घरात खेळाडूचा खुराक म्हणतात तो हा असा होता.

खेळ कुठला, तर हौशी रेडिओचा. सरकारची परीक्षा देऊन लायसन्स काढलं, की आपल्या घरातून आपल्या सेटवर जगभरच्या लायसन्सवाल्यांशी बोलता येतं. प्रत्येकाला अक्षरं नि आकड्यांचं एक सांकेतिक नाव मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. स्पर्धेत ठरलेल्या अठ्ठेचाळीस तासांत जितक्या लोकांना गाठाल तितके गुण. कॉलसाइन घ्यायची, ऐकू येतंय असं सांगायचं, आपल्या विभागाचा आकडा द्यायचा, त्याचा घ्यायचा, नोंद करायची आणि लगेच पुढचा माणूस. ख्यालीखुशाली विचारायला वेळ नसतो. स्पर्धा जगाच्या प्रमाणवेळेवर चालते; त्या घड्याळात मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळं आमची स्पर्धा शेणाचा सडा पडता पडता सुरू व्हायची.

हे खूळ आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरात आम्हाला. चौथ्या हाताचा एक सेट त्यांनी कुठून तरी मिळवला होता. तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा, कारण विजेचा भरवसा नव्हता. बोलण्याचं बटण म्हणून त्यांनी आईच्या जुन्या शिलाई मशीनचं पायपॅडल बसवलं होतं. पाय दाबला की बोलायचं, सोडला की ऐकायचं. गच्चीवर बांबूची अँटेना होती, ती आमची शान. आष्टीच्या काकांच्या शेतातून आणलेले आठ बांबू, चार-चारच्या दोन फुल्या, त्यांच्याभोवती तांब्याची तार ताणून केलेले दोन मोठे चौकोन, आणि हे सगळं जालन्याच्या एमआयडीसीतून टेम्पोत घालून आणलेल्या लोखंडी पाइपावर. वळवायला मोटर नव्हती. दोन दोर खाली सोडलेले असत. जपान पाहिजे तर आबा पूर्वेकडचा दोर ओढायचे, युरोप पाहिजे तर पश्चिमेकडचा. गल्लीतली पोरं विचारायची, "सर, आज कुनीकडं तोंड केलं?" आणि आबा गंभीरपणे देशाचं नाव सांगायचे.

नोंदीसाठी कॉम्प्युटर होता. एका बियाणं कंपनीच्या ऑफिसातून भंगारात निघालेला, काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटणारा. आबांनी एका स्नेह्याकडून फ्लॉपीवर लॉगचा प्रोग्रॅम आणला तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. त्याआधी आम्ही वहीत लिहायचो आणि एखाद्याशी आधी बोललोय का ते पाहायला पानं चाळत बसायचो. आता कॉलसाइन टाइप केली की यंत्र स्वतःच सांगायचं, हा झालाय, पुढं चल. आजकालचे प्रोग्रॅम नकाशे दाखवतात, तासाचा वेग सांगतात, अँटेनासुद्धा आपणहून वळवतात. मी ते वापरते, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, पण त्या पिवळ्या अक्षरांवर माझा जीव होता तसा यांच्यावर नाही. शिवाय आबांचा टेपरेकॉर्डर, सेटला जोडलेला आणि खोलीतला आवाजही टिपणारा. स्पर्धेतलं सगळं बोलणं ते कॅसेटवर घ्यायचे, नंतर चुका तपासायला.

लायसन्स घरात तिघांचीही होती, हे सांगायला हवं. मी परीक्षेचा अभ्यास करायची तेव्हा आई भाकऱ्या थापायची. परीक्षेतल्या मोर्स लिपीची कट्ट-कड-कट्ट कॅसेट महिनोन्‌महिने स्वयंपाकघरात वाजत होती. औरंगाबादला परीक्षेला जायचं ठरलं तेव्हा आबा सहज म्हणाले, "तू बी बसून पाय की. कुंदाला सोबत व्हईल." आई बसली आणि पास झाली, माझ्यापेक्षा चार गुण जास्त घेऊन. पुढं तिचं लायसन्स आलं, ते आबांनी कौतुकानं सगळ्यांना दाखवलं आणि मग ते लोखंडी कपाटात रेशनकार्डाखाली गेलं. आईनं माईक कधी हातात धरला नाही. आम्हीही कधी दिला नाही, हे खरं.

मात्र स्पर्धेची खरी तयारी आईच करायची. आमच्या भिंतीला लागून रशीदभाईंची पिठाची गिरणी होती. तिची मोटर सुरू झाली की सेटमध्ये असा खरखराट यायचा, की जपान काय, जालना ऐकू येऊ नये. आणि स्पर्धा यायची नेमकी दिवाळीच्या तोंडावर, अनारशांचं पीठ, चकलीची भाजणी, सगळी गल्ली डबे घेऊन गिरणीत. तर आई आठ दिवस आधीपासून घरोघर फिरायची. "शनवार-ऐतवार गिरणी बंद हाय बरं का. शुक्रवारी दळून घ्या, मी येते हात लावायला." शुक्रवारी ती दिवसभर गिरणीत उभी राहून लोकांचे डबे भरायची आणि दिवेलागणीला पांढरीफेक होऊन घरी यायची, पापण्यांवरसुद्धा पीठ. रशीदभाई दारापर्यंत येऊन मला म्हणायचे, "बेटी, दो दिन का धंदा छोड्या मैंने. हारून आलीस तर बिलकुल दळून न्हाई देनार."

मी विशीत होते त्या वर्षी दक्षिणेतल्या एका रेडिओ क्लबाचं पत्र आलं. त्यांची एक तुकडी लक्षद्वीपच्या बेटावर जाऊन तिथून रेडिओ चालवणार होती. तुकडीत एक जागा पंचवीस वर्षांखालच्या माणसासाठी राखलेली. या स्पर्धेत एकट्यानं खेळणाऱ्यांच्या गटात, त्या वयाच्या आत, देशात जो पहिला येईल त्याला ती मिळणार. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पत्र मी इतक्यांदा वाचलं, की घडीवर ते फाटलं. एरवी लग्नाच्या स्थळांच्या गोष्टी काढणारे काकासुद्धा म्हणाले, "जाऊ द्या पोरीला, समुद्र बघून येऊ द्या, मंग पाहू." म्हणजे त्या एका जागेवर माझं बेटही होतं आणि वर्षभराची मोकळीकही.

शनिवार सुरेख गेला. एकवीस मेगाहर्ट्झचा पट्टा असा उघडला होता, की हाक मारायची खोटी, उत्तर हजर. रात्री झोपायचं हा आबांचा दंडक, तोही पाळला. रविवारी सकाळी मला एक मोकळी फ्रिक्वेन्सी मिळाली आणि मी तिथं ठाण मांडलं. हे ठाण म्हणजे काय, ते एसटीनं फिरलेल्या माणसाला लगेच कळेल. खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, तशी हवेतही जागा धरावी लागते. तुम्ही एका ठिकाणी बसून हाका मारत राहायचं, लोक तुमच्याकडं येतात. पण दोन मिनिटं गप्प बसलात की कोणी तरी जोरकस सेटवाला येऊन तिथं बसतो, आणि त्याला उठवायची ताकद आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत नव्हती. जपानी मंडळींची रांग लागली होती. दहाच्या सुमारास गच्चीवर धाडकन आवाज झाला आणि माझ्या कानातली रांग एकदम दूर गेली.

वानरं. आठ-दहांची टोळी होती आणि त्यातला एक दांडगा हुप्प्या आमच्या अँटेनावर झोके घेत होता. मागच्या चौकोनाचे दोन बांबू मोडून तार लोंबत होती. मी अँटेनाची केबल सेटमधून उपटली, कारण वर कोणाचा हात असताना खाली चुकून पॅडल दाबलं गेलं तर चटका बसतो, आणि आबांच्या मागं गच्चीवर पळाले. आबा काठी आपटत होते, वानरं लिंबावर जाऊन बसून आमच्याकडं पाहत होती. मग बांबूंना जुन्या छत्रीच्या काड्या बांधून, सुतळी गुंडाळून, तार पुन्हा ताणून, सगळं उभं करण्यात तास-सव्वातास गेला. माझे हात काम करत होते आणि मन खाली होतं. फ्रिक्वेन्सी गेली, रांग गेली, बेट गेलं, एवढंच डोक्यात होतं.

खाली आले तर खुर्चीत आई. कानाला हेडफोन, पदर कमरेला खोचलेला, पाय पॅडलवर आणि उजव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. मी उपटलेल्या केबलच्या जागी तिनं लिंबाला बांधलेली आमची जुनी साधी तार सेटला जोडली होती. तारेचा आवाज दुबळा, पण जात होता. पडद्यावरचा नोंदींचा आकडा मी सोडला होता तिथून एकसष्टनं पुढं गेला होता.

मला पाहून तिनं हेडफोन काढला. गाल लाल झाले होते, हसू मावत नव्हतं. "ये, बस. जागा जाऊन राह्यली व्हती, मंग मीच धरून ठिवली."

आणि मी म्हणाले, "तुला कोन सांगितलं व्हतं? मी एकटी खेळून राह्यले, एकटी! दुसऱ्यानं एक जरी घेतला तर मी त्या गटातून बाद! तुझं काय काम व्हतं इथं?"

आई उठली. हेडफोन पुसून जागेवर ठेवला आणि आत गेली. मी त्या खुर्चीत बसले, ती अजून गरम होती, आणि सोमवारी पहाटे स्पर्धा संपेपर्यंत तिच्याशी बोलले नाही. पन्नाशी उलटून गेली तरी ते शेवटचं वाक्य आठवलं, की आजही मला स्वतःची लाज वाटते.

नोंदींची फ्लॉपी महिन्याच्या आत पोस्टानं पाठवायची असे. सोबत एक कागद, त्यावर गट लिहायचा आणि सेटवर कोण कोण बसलं त्यांच्या कॉलसाइन. तीन दिवस मी तो कागद कोरा ठेवला. कॉलसाइन माझीच वापरली होती. आवाजही दोन्ही बायकांचेच. एकट्या खेळाडूच्या रकान्यात खूण केली असती तर जगात कोणाला कळलं नसतं. पण आबांच्या डोळ्यांसमोर ते लिहायला हात धजेना, आणि आबा तर नुसते चष्मा पुसत बसायचे.

तिसऱ्या दिवशी येसरची आमटी वाढता वाढता आईच म्हणाली, "माझे काढून टाक की. एकसष्टच तर हायेत. तुझं तू पाठव."

मला एवढं सोपं कसं सुचलं नाही, असं वाटलं. जेवणावरून उठून, उष्ट्या हातानंच म्हणा ना, मी कॉम्प्युटर सुरू केला. आईच्या पहिल्या नोंदीवर आले आणि खोडायच्या बटणावर बोट ठेवलं. तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले.

"कुंदे, एवढं पाय. तिकडच्या मानसानं तुझं नाव लिवलं. तू त्याचं खोडलं, तर तपासनारा म्हननार, ह्यानं खोटं लिवलं. त्याचे गुन जातेत, वरून दंड बी बसतो. एकसष्ट मानसं हायेत. ती तुझ्या आईशी खरंच बोलली न्हाईत का?"

बोलली होती. कसं बोलली होती ते मी ऐकलंच नव्हतं. मी रविवारची कॅसेट काढली आणि हेडफोन लावला.

सुरुवातीला नुसती खरखर, मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग आईनं घसा साफ केला आणि हाक मारली. माझीच कॉलसाइन, माझ्यासारखीच, पण एकेक अक्षर असं स्वच्छ, जणू ती हजेरी घेत होती. पहिला जपानी आला. तिनं त्याची कॉलसाइन घेतली, आकडा दिला, घेतला, आणि शेवटी म्हणाली, "थँक यू, भाऊ." दुसऱ्यालाही भाऊ. तिसऱ्यालाही. मी तासाला शंभरच्या नादात कोणाला साधं थँक यूसुद्धा पुरतं म्हणत नसे, आणि ही प्रत्येकाला भाऊ म्हणत होती. पंधरा-वीस जणांनंतर तर गंमतच झाली. त्यांना वाटलं असावं, या स्टेशनची ही रीत आहे. तेही सावकाश, जपून म्हणायला लागले, "थँक यू, भाऊ." आई खुदकन हसल्याचं टेपवर स्पष्ट ऐकू येतं.

मध्येच कुकरची शिट्टी. एक, दोन. तिसऱ्याला आई म्हणाली, "स्टँड बाय, भाऊ," आणि चक्क उठून गेली. पावलं, स्टोव्ह बंद केल्याचा फुस्स आवाज, भांडं सरकवल्याचा. कॅसेट ऐकताना मला वाटलं, गेली ना जागा आता. पावलं परत आली. "हां, गो अहेड." आणि तो माणूस तिथंच होता. त्याच्यामागं आणखी तिघं थांबलेले होते.

मी हेडफोन काढला तेव्हा माझे डोळे गळत होते. एकसष्ट नोंदी एकेक करून टेपशी ताडून पाहिल्या. एकही चूक नव्हती. माझ्या त्या दिवसाच्या नोंदींत सात निघाल्या.

कागदावर मी गटानं खेळणाऱ्यांच्या रकान्यात खूण केली आणि खाली दोन कॉलसाइन लिहिल्या. आधी आईची. तिची मला पाठ नव्हती, रेशनकार्डाखालून लायसन्स काढून पाहावी लागली. मंठ्याच्या पोस्टात फ्लॉपी रजिस्टर करून आले आणि आईला म्हणाले, "तुझं नाव घातलं." ती भाजी निवडत होती. "कशाला गं," म्हणाली, "तुझी जागा गेली की मंग." मी म्हणाले, "जाऊ दे." पण ते काही मी मोठ्या मनानं म्हटलं नव्हतं. रात्री उशीत तोंड घालून मी त्या बेटासाठी भरपूर रडले, आणि खरं सांगायचं तर नंतरही कित्येक महिने एकटीनं पाठवलेल्या फ्लॉपीची स्वप्नं पाहिली. निकाल आला तेव्हा कळलं, की एकट्यांच्या गटात त्या वयातल्या पहिल्या मुलापेक्षा माझ्या एकटीच्याच नोंदी जास्त होत्या. तो बेटावर गेला. त्यानं तिथून हाक मारली तेव्हा मी त्याला उत्तर दिलं आणि नोंद केली. रशीदभाईंनी मात्र शब्द पाळला नाही, दळून दिलं.

जपानहून एक कार्ड आलं. रेडिओवर भेट झाली की लोक एकमेकांना कार्ड पाठवतात, तशी माझ्या नावानं पुष्कळ यायची. हे आईच्या भाषेत होतं. म्हणजे छापील मजकुराखाली त्या माणसानं शाईनं, इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, थँक यू भाऊ. समोरच्या बाजूला मासेमारीच्या बंदराचं चित्र, मागं निळा समुद्र. आईनं ते पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवलं आणि मला हाक मारून म्हणाली, "हा पाय तुझा समुद्र."

पण माझ्या वाक्यानं जे करायचं ते केलंच होतं. त्यानंतर आई त्या खुर्चीत विचारल्याशिवाय कधी बसली नाही. एरवी संध्याकाळी आबा तिला आग्रह करायचे, जपानवाले ओळखीचे झाले होते, भाऊची बहीण कुठं आहे असं विचारायचे. ती यायची, दारात उभी राहायची आणि मला विचारायची, "बसू का?" मी म्हणायची, बस की गं. तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच. एक अख्खं वर्ष तिनं स्वतःच्याच घरात माझी परवानगी मागितली, आणि माफी कशी मागायची ते मला काही केल्या जमेना. आमच्या घरात तशी बोलून माफी मागायची पद्धत नव्हती.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर स्पर्धा आली. या वेळी आम्ही कागदावर आधीच दोघी होतो. रविवारी सकाळी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून आम्ही एकवीसवर ठाण मांडलं, तासभर मी, तासभर ती. तिचा तास संपत आला आणि कुकरची शिट्टी झाली. ती उठून आत गेली. मी माझ्या खुर्चीतून माईक ओढून घेतला, रांग चालू ठेवली, आणि माझा रुमाल काढून तिच्या रिकाम्या खुर्चीवर टाकला.

ती पदराला हात पुसत आली. दारात थांबली. मी पाठमोरी बसून एका कोरियन माणसाचा आकडा लिहून घेत होते, पण माझा सगळा जीव कानात आला होता, आणि तो हेडफोनमधल्या आवाजासाठी नव्हे. ती पुढं आली. तिनं रुमाल उचलला, घडी घातली, कमरेला खोचला आणि बसली. विचारलं नाही.

"सरक," म्हणाली, "माझी अजून पाच मिनटं हायेत."